घासाची लाट

“आई, जरा भराभर जेवा ना हो!” हे वाक्य मी दोन वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. डोंबिवलीत राहून नोकरी करायची म्हणजे घड्याळ भिंतीवर नसतं, डोक्यात असतं. रात्री घरी आल्यावर स्वयंपाक, जेवणं, ओटा सगळं आवरलं, तरी सासूबाई आपल्या ताटावरच. एक घास, मग अर्धा पेला पाणी. मध्येच उठून उभ्या राहणार, छातीवरून हात फिरवणार. “अडकतंय गं,” म्हणायच्या. भात मऊ केला, वरण पातळ केलं, तरी तेच. खरं सांगते मैत्रिणींनो, मला ते नखरे वाटायचे.

पित्ताच्या गोळ्या दीड वर्ष चालल्या. वजन उतरलं, साड्यांचे ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले. रात्री झोपेत खाल्लेलं घशाशी यायचं आणि ठसका लागायचा. शेवटी ठाण्यातल्या एका पोटविकारतज्ज्ञांनी त्यांना बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती! मग नाकातून बारीक नळी घालून आतला दाब मोजला (याला मॅनोमेट्री म्हणतात) आणि आजाराला नाव मिळालं, अ‍ॅकॅलेशिया. “अन्ननलिकेची लाट बंद पडलीय आणि खालचं दार उघडत नाहीये,” डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

ते कळलं लेकीमुळे. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, प्रोजेक्टला विषय शोधत होती. तिनं सरळ आजीची अन्ननलिकाच घेतली.

माझी समजूत अशी, की घास म्हणजे सोऱ्यातलं चकलीचं पीठ. वरून दाबलं की खालून बाहेर. “सोऱ्या नाही गं आई, पेप्सीकोला!” ती म्हणाली. शाळेबाहेर मिळते ती बर्फाची प्लास्टिकची नळी आठवा. बर्फाच्या मागे बोटांनी आवळायचं, की तो पुढे सरकतो. आवळणारी बोटं मग पुढे पुढे नेत राहायची. 1899 साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी आतड्यात हेच दाखवलं. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो. हीच ती लाट, पेरिस्टाल्सिस. मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर आणि लाट सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर धावते, म्हणजे सहा ते आठ सेकंदांत घास जठरात. डोकं खाली, पाय वर करूनसुद्धा पाणी गिळता येतं ते हिच्याच जिवावर.

कॉलेजच्या लॅबमधलं महागडं सॉफ्टवेअर घरी कुठून आणणार? तिनं ओपनफोम घेतलं. हे 2004 पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे, आणि पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प असली मोफत सॉफ्टवेअर शिकायला मदत करतो. महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मुक्कामाला होता. आधी नळी काढायची. तिच्या आतल्या पोकळीचे हजारो बारीक चौकोन पाडायचे, जाळीसारखे. मग भिंतीला सांगायचं, अमुक वेगानं, अमुक इतकी आत ये. घासाचा दाटपणा आकड्यात भरायचा, पाण्याचा वेगळा, खिमटीचा वेगळा. मग प्रत्येक चौकोनात दाब किती, वेग किती, हे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला मांडत जातो. एकदा रात्री बारा वाजता ती रडकुंडीला आली. नळी पूर्ण मिटली, की जाळीतले चौकोन चिरडतात आणि गणित बंद पडतं. मग केसाएवढी फट ठेवायची, अशी युक्ती सापडली.

पहिल्यांदा लाट पळाली तेव्हा मी पोळ्या टाकून बघायला गेले. निळी नळी, तिच्यात लाल घास, मागून आवळत येणारी भिंत. पण कडेचे थोडे लाल ठिपके चक्क मागे येत होते! 1969 साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितानं दाखवलं होतं, की लाट पुढे जात असतानाही काही वेळा भिंतीजवळचा द्रव मागे सरकतो. मला आपला डोंबिवली स्टेशनचा जिना आठवला. गर्दी वर चाललेली आणि कठड्याला चिकटलेली मी खाली.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. “माझी दाखव,” म्हणाल्या.

लेकीनं लाटेची उंची शून्य केली, खालचं तोंड बंद केलं. लाल घास होता तिथंच. दुसरा आला, पहिल्यावर बसला. सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “इथंच. मी सांगत नव्हते का, इथंच अडकतं म्हणून?” त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या घरात कुणाला घन आणि पातळ, दोन्ही अडकत असेल, झोपेत अन्न वर येत असेल, वजन घटत असेल, तर नुसत्या पित्ताच्या गोळ्यांवर थांबू नका. सुरुवातीला एंडोस्कोपीतही काही दिसत नाही असं होऊ शकतं. मॅनोमेट्रीबद्दल विचारा.

उपाय आहेत. फुगा फुगवून दार रुंद करतात. हेलर यांची 1913 सालची शस्त्रक्रिया आता पोटावर बारीक छिद्रं पाडून होते. सासूबाईंची तिसऱ्या रीतीनं झाली. तोंडातून दुर्बीण घालून दाराचे स्नायू आतूनच कापतात. ही रीत जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये माणसावर प्रथम वापरली. दार उघडलं. लाट मात्र परत आली नाही. ती सहसा येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

लेकीनं मग मॉडेलमध्ये दोन बदल केले. खालचं तोंड मोकळं केलं, आणि आडवी ठेवलेली नळी उभी करून गुरुत्वाकर्षणाचा आकडा भरला. लाटेशिवाय घास खाली गेला, सावकाश.

आता सासूबाई ताठ बसून जेवतात, जेवल्यावर दोन-तीन तास आडव्या होत नाहीत, पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच केलीय. जेवायला चाळीस मिनिटं लागतात. मी शेजारी बसते, भाजी निवडते.