विश्लेषण : कमाल जमीन धारणा कायदा गेला, परवडणाऱ्या घरांचे काय झाले?

शहरांतील मोकळ्या जमिनी मोजक्या हातांत राहू नयेत आणि त्यांवर सामान्यांसाठी घरे व्हावीत, यासाठी आणलेला नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने २९ नोव्हेंबर २००७ रोजी रद्द केला. कायदा रद्द केल्यास घरे स्वस्त होतील की सामान्यांच्या वाट्याची जमीनच जाईल, असा हा वाद होता. तो का झाला आणि त्यातून काय निष्पन्न झाले?

कायदा काय होता?

आणीबाणीच्या काळात, फेब्रुवारी १९७६ मध्ये केंद्राने हा कायदा केला. मुंबईत ५०० चौरस मीटर, पुण्यात १ हजार, तर नागपुरात १,५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन एका व्यक्तीला ठेवता येणार नव्हती. त्यावरील जमीन ‘अतिरिक्त’ ठरवून सरकारने ताब्यात घ्यायची होती. मात्र कलम २० नुसार सार्वजनिक हितासाठी किंवा मालकाची अडचण पाहून सूट देता येत असे. दुर्बल घटकांसाठी घरे बांधणाऱ्यांसाठी कलम २१ होते. अशा योजनांत लहान सदनिका बांधणे आणि ठरावीक घरे सरकारने ठरवलेल्या व्यक्तींना ठरलेल्या दराने देणे, अशा अटी घातल्या जात.

तो रद्द करण्याची मागणी का झाली?

त्याचे मोठे कारण मोबदल्यात होते. मुंबई-पुण्यात मोबदला जास्तीत जास्त १० रुपये प्रति चौरस मीटर आणि एकूण कमाल २ लाख रुपये होता. म्हणजे २० हजार चौरस मीटरच्या, साधारण ५ एकरांच्या पुढे कितीही जमीन गेली तरी मालकाला आणखी एक रुपयाही मिळणार नव्हता. साहजिकच मालक न्यायालयात गेले किंवा त्यांनी सूट मागितली. वर्षानुवर्षे जमिनी ना मालकाला विकसित करता आल्या, ना सरकारच्या ताब्यात आल्या. सूट देण्याचा अधिकार सरकारी कार्यालयांकडे असल्याने गैरव्यवहाराचे आरोपही झाले. कायदा हटवला की अडकलेली जमीन बाजारात येईल आणि किमती उतरतील, असे विकासकांचे म्हणणे होते.

विरोध कशासाठी होता?

अंमलबजावणी बिघडली म्हणून हेतूच सोडून देऊ नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्यांच्यासमोर गोरेगाव पूर्वेकडील दिंडोशीचे उदाहरण होते. तेथे मृणाल गोरे यांच्या पुढाकारातील नागरी निवारा परिषदेच्या प्रकल्पातून अल्प उत्पन्न गटातील हजारो कुटुंबांना घरे मिळाली. सरकारला शहरात जमीन मिळवून देणारे साधनच गेले, तर पुढे बाजारभावाने जमीन घेणे सरकारला परवडणार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

केंद्राने १९९९ मध्ये रद्द केला, मग राज्यात २००७ का?

जमीन हा राज्यांचा विषय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ नुसार, महाराष्ट्रासह ११ राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसदेने हा कायदा केला होता. त्यामुळे १९९९ चा निरसन कायदा सुरुवातीला हरियाणा, पंजाब आणि केंद्रशासित प्रदेशांपुरताच लागू झाला. इतर राज्यांना स्वतंत्र ठराव करणे भाग होते. महाराष्ट्रात निर्णय लांबत गेला. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात हा कायदा रद्द करणे ही केंद्रीय निधीसाठीची अट होती. अखेर विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना कायदा रद्द झाला.

कायद्याबरोबर अटीही गेल्या का?

नाही. ज्या जमिनीचा ताबा सरकारने घेतला होता, ती सरकारकडेच राहिली. ताबा घेतला नव्हता तेथील कारवाई संपुष्टात आली. कलम २० खालील सूट मात्र निरसन कायद्यानेच कायम ठेवली आणि तिच्यासोबतच्या अटीही कायम राहतात, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये दिला. पुढे २०१९ मध्ये राज्य सरकारने एकरकमी अधिमूल्य भरून या जमिनी अटींतून मोकळ्या करण्याचा मार्ग खुला केला. अशा जमिनीवरील जुन्या इमारतीत घर घेताना किंवा पुनर्विकासाला संमती देताना सातबारा अथवा मिळकत पत्रिकेवरील शेरा म्हणूनच तपासायला हवा.

घरे स्वस्त झाली का?

मुंबईत तसे झाले नाही. अडकलेली जमीन मोकळी झाली, तरी तिच्यावर कोणत्या किमतीचे घर बांधायचे हे बाजारानेच ठरवले. त्यानंतर राज्याने २०१३ मध्ये दुसरा मार्ग धरला. मोठ्या शहरांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात २० टक्के वाटा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवणे बंधनकारक झाले. म्हाडाच्या सोडतीत ‘२० टक्के योजना’ म्हणून दिसणारी घरे ती हीच. यात सरकार जमीन घेत नाही, प्रकल्पातील घरांचा वाटा घेते. भूखंडाचे तुकडे पाडून या मर्यादेतून निसटण्याच्या तक्रारी मात्र इथेही आहेत.

कायदा ठेवूनही पुरेशी घरे झाली नाहीत आणि काढूनही ती स्वस्त झाली नाहीत. सूट देताना मान्य करून घेतलेली घरे प्रत्यक्षात बांधून घेतली का, याची तपासणी दोन्ही काळांत दुबळी राहिली. २० टक्के योजनेचे यशही याच तपासणीवर ठरेल.