दोन संगणक, एक हिशेब

घरात दोन संगणक आले की काम निम्म्यावर येईल, असे वाटते. प्रत्यक्षात एक नवीच डोकेदुखी सुरू होते. बाहेरच्या खोलीत अब्बांचा जुना डेस्कटॉप, आतल्या खोलीत मुलांचा लॅपटॉप आणि दोन्हींवर ‘जकात हिशेब’ याच नावाची फाईल. एकीत वीस हजार रुपये उसने दिल्याची नोंद आहे, दुसरीत नाही. दुसरीत सुनेच्या बांगड्यांचे वजन आहे, पहिलीत नाही. मग पेनड्राइव्हची ये-जा सुरू होते आणि ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘फायनल खरी’ अशा नावांची रांग लागते. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत हेच चालले आहे.

हा नुसता तांत्रिक त्रास म्हणून सोडून देता येत नाही. निकाहनाम्याची स्कॅन प्रत, सातबारा, मरहूम आजोबांचे फोटो, आखातातल्या भावाने पाठवलेल्या पैशांचा हिशेब हे सगळे आता याच यंत्रांत असते. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. माणूस गेल्यावर त्याचे देणे फेडल्याशिवाय वारशाची वाटणी होत नाही. अशा वेळी घरातले दोन संगणक दोन वेगळे आकडे दाखवू लागले, तर वारसांनी कोणता खरा मानायचा?

घोटाळा होतो कुठे?

दोन ठिकाणच्या फायली सारख्या ठेवण्याला ‘सिंक’ म्हणतात. हा प्रश्न जुना आहे. विंडोज ९५ मध्ये त्यासाठी ‘ब्रीफकेस’ नावाची सोय होती. आज ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आहेत. इंटरनेटवर काही न ठेवता घरातल्या घरात काम करणारे ‘सिंकथिंग’ मोफत मिळते.

या सगळ्यांची रीत साधारण एकच. मागच्या वेळी फाईल कशी होती याची नोंद प्रोग्रॅम ठेवतो. त्यानंतर एकाच बाजूला बदल झाला असेल, तर तो दुसरीकडे उतरवतो. अडचण येते ती दोन्ही बाजूंना बदल झाल्यावर. अब्बांनी सकाळी उसनवारी लिहिली, मुलाने दुपारी सोने लिहिले. आता खरी फाईल कोणती? संगणकाला हे कळत नाही, कारण दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या. चांगला प्रोग्रॅम अशा वेळी दोन्ही प्रती ठेवतो आणि एकीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्ट’ असा शब्द घालतो. ती प्रत दिसली की पुसू नये. दोन्ही उघडून नोंदी जुळवाव्यात. पेनड्राइव्हने नकल करताना मात्र ‘आधीची फाईल बदलू का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटले की वीस हजारांची नोंद आवाज न करता नाहीशी होते.

दुसरे कारण घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या आत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. मग आज लिहिलेली फाईल सर्वांत जुनी दिसते. सेल स्वस्त असतो. तो आधी बदलून घ्यावा.

तिसरा त्रास अक्षरांचा. इनपेजमध्ये टाइप केलेला उर्दू मजकूर किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर पोहोचतो. पण तो प्रोग्रॅम किंवा फॉन्ट तिथे नसला, तर वाचता येत नाही. नवे लिखाण युनिकोडमध्ये करावे आणि जुन्या महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत काढून ठेवावी. निकाहचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल, तर बहुधा पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीचा असतो. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा. दोन्हीकडे सारखे आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असे लोक समजतात. पण सिंक आरशासारखे असते. एका बाजूला मुलाने आजोबांच्या फोटोंचा फोल्डर पुसला, तर प्रोग्रॅम आज्ञाधारकपणे दुसरीकडचाही पुसतो. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाईल ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. सिंकथिंगमध्ये जुन्या प्रती जपण्याची सोय आहे, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते.

शिवाय दोन्ही संगणक एकाच छपराखाली असतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशा पाण्यात तळमजल्यावरचे दोन्ही संगणक एकदमच जातात.

आम्ही काय करतो

आम्ही फायलींचे दोन भाग केले आहेत. फोटो आणि स्कॅन केलेले कागद नुसते वाढत जातात, बदलत नाहीत. ते दोन्ही संगणकांवर सिंक होऊ देतो. हिशेब मात्र रोज बदलतो. तो फक्त डेस्कटॉपवर लिहायचा. लॅपटॉपवर त्याची प्रत वाचण्यापुरती. नवी नोंद सुचली तर कागदावर लिहून डेस्कटॉपजवळ ठेवायची. ज्या घरी इंटरनेट भरवशाचे आहे, तिथे गूगल शीट्ससारख्या ठिकाणी एकच फाईल ठेवून दोघांनी तिच्यातच लिहिलेले बरे. वेगळ्या प्रतीच नसल्या की जुळवाजुळवही नाही.

सिंकथिंग वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असल्याशिवाय फायली पोहोचत नाहीत. आमच्याकडे मगरिबनंतर अर्धा तास दोन्ही चालू ठेवतो.

याशिवाय महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्डडिस्कवर सगळे उतरवून ती कपाटात ठेवतो आणि एक प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असते. हार्डडिस्क काम झाल्यावर लगेच काढायची. सतत जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो. जकातीची आमची तारीख येते त्या दिवशी त्या प्रतीतल्या चार फायली उघडून पाहतो. उघडत नसेल, तर ती प्रत काय कामाची?

आणखी एक गोष्ट घरोघरी राहून जाते. खरा हिशेब कोणत्या संगणकावर आहे, फाईलचे नाव काय आणि पासवर्ड कुठे लिहिला आहे, हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे, आणि त्यांत एक बाई असावी. उसनवारीची ती नोंद म्हणजे कोणाचा तरी हक आहे, आपल्याकडची अमानत आहे. लिहिणारा उद्या नसला, तरी ती सापडली पाहिजे.