शाकाहारी घरात धमनी अरुंद का होते?

घरात मांस नाही, अंडे नाही, मद्य नाही; तरीही चाळिशीतील कर्त्या पुरुषास हृदयविकाराचा झटका येतो आणि सारे नातलग चकित होतात. कारणाचा शोध अशा वेळी ताटात घेतला जातो. पुष्कळदा ते यकृताच्या पेशींवर असते.

कोलेस्टेरॉल आपले शरीर स्वतःच तयार करते. एलडीएल नावाच्या कणांतून ते रक्तात फिरते. पेशींच्या पृष्ठभागावरील ‘रिसेप्टर’ नावाची प्रथिने हे कण धरून आत नेतात. आपल्या पेढीच्या भाषेत सांगायचे तर हे दारावरचे हमाल: माल आत उतरवला की रिकाम्या हाताने पुन्हा बाहेर. एक फेरी सुमारे १० मिनिटांची. अशा शेकडो फेऱ्या झाल्यावरच रिसेप्टर नष्ट होतो.

अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७३ च्या सुमारास हा रिसेप्टर शोधला. बालपणीच हृदयविकार जडलेल्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी त्यांनी तपासल्या. त्या पेशी एलडीएल धरतच नव्हत्या. १९८५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रुग्णांना सदोष जनुक माता व पिता दोघांकडून आलेले असते. एकाकडूनच आले तर निम्मे रिसेप्टर काम करतात आणि एलडीएल जन्मापासून दुपटीच्या आसपास राहते. असा दोष अंदाजे २५० माणसांत एकास असतो.

न उचललेला माल मग धमनीच्या भिंतीत शिरतो व तेथे बिघडतो. त्यास गिळण्यास मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात. त्यांचे रिसेप्टर निराळे; त्यांना ‘पुरे’ म्हणणे ठाऊक नाही. चरबीने फुगून त्या फेसाळ दिसू लागतात, त्यांचा थर साचतो आणि वाहिनी अरुंद होते. थर फाटला की वर रक्ताची गुठळी धरते. झटका बहुधा तेव्हाच येतो.

आहार मात्र अगदी निरपराध नाही. तूप, लोणी, साय यांतील संपृक्त चरबीने यकृतावरील रिसेप्टरांचे काम मंदावते. उलट स्टॅटिन औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात, म्हणून यकृत अधिक रिसेप्टर बाहेर मांडते. ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत.

वडील किंवा भाऊ यांस ५५ वर्षांपूर्वी, आई किंवा बहीण यांस ६० वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असेल, तर मुलांसह सर्वांच्या रक्तातील एलडीएल तपासून घ्यावे. सासरी गेलेल्या लेकीस या यादीतून वगळू नये. जनुक तिच्याबरोबर गेलेले असू शकते.