कुर्ल्याची कारशेड

३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदरहून कुर्ल्याकडे हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी रवाना झाली, ही वार्ता मुंबईच्या इतिहासात सन्मानाने नोंदली गेली. परंतु तिच्या मुक्कामाची, तपासणीची व दुरुस्तीची तजवीज करण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेने कुर्ल्यास जी कारशेड उभारली, तिची आठवण मात्र क्वचितच कोणास होते.

दिवसभर धावलेला रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची गाडी, येथे रुळांखालच्या खड्ड्यावर, म्हणजे पिटावर, उभा राहिला, की कामगार त्याच्या तळाशी उतरून ब्रेक, चाके व मोटारी निरखतात. आणि रुळांवरील तारेतील विद्युत्प्रवाह तोडून ती जमिनीशी जोडल्याखेरीज ज्यास कोणी हात लावीत नाही, त्या तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफची घासपट्टी छतावर चढून तपासली जाते. मोठ्या दुरुस्तीसाठी गाडी माटुंग्याच्या कारखान्यात जाते. दैनंदिन जबाबदारी मात्र शेडचीच. पावसाळ्यात ही जबाबदारी अधिकच कठीण होते, कारण मोटारी डब्यांच्या तळाशी असतात, कुर्ल्याचा परिसर मिठी नदीच्या काठचा व सखल आहे, आणि रुळांवर साचलेले पाणी मोटारीत शिरले, तर ती सुकवून व तपासून घेतल्यावाचून गाडीस बाहेर काढता येत नाही.

आरंभी चार डब्यांची असलेली गाडी पुढे नऊ, बारा व पंधरा डब्यांची झाली, आणि तिच्यासाठी पिटांची लांबी, कामाची वाटणी व वेळापत्रक ही सर्व नव्याने जुळवावी लागली. त्याहून मोठे स्थित्यंतर विजेचे होते: १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या जागी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून जुन्या प्रवाहावरची अखेरची लोकल धावली. संक्रमणाच्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारे रेक सांभाळावे लागल्यामुळे, ज्या हातांना एका यंत्राची सवय जडली होती, त्यांनाच दुसऱ्याची विद्या आत्मसात करणे प्राप्त झाले. त्याच महिन्यात चेन्नईहून आलेली देशातील पहिली वातानुकूलित लोकल चाचण्यांसाठी याच शेडमध्ये दाखल झाली.

वक्तशीरपणाचे श्रेय आपण घड्याळाला व मोटरमनला देतो, आणि ते रास्तही आहे. परंतु गाडी फलाटावर येण्यापूर्वीच तिच्या विश्वासार्हतेची परीक्षा येथे झालेली असते, म्हणून मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्याने गव्हर्नरांच्या समारंभाइतकेच पिटात उतरणाऱ्या कामगाराचे श्रमही आदराने नोंदविले पाहिजेत.