पंगत उठली, आता ताटं कोण धुणार?

संध्याकाळची भाकरी तव्यावर असेल, एक कान चुलीकडे आणि एक रेडिओकडे असेल. तसंच असू द्या. आज जे सांगणार आहोत ते चुलीजवळचंच आहे. गावात सप्ताह असतो, लग्न असतं, बारसं, तेरावं, हळदीकुंकू असतं. माणसं जेवतात, पंगत उठते आणि मागे ढीग उरतो. तो ढीग कमी कसा करायचा, हे आमच्या गटांनी दोन वर्षं चुका करत करत शिकलं. तेच तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात एका गाईपासून झाली. आमच्या एका गटातल्या ताईने गटाच्या कर्जातून गाय घेतली होती. दूध चांगलं होतं, हप्ते वेळेवर येत होते. सप्ताहाच्या काल्यानंतर आठ-दहा दिवसांनी गाय चारा खाईना. पोट फुगलं. डॉक्टर येऊन गेले, औषध झालं, पण गाय गेली. नंतर पोट फाडून पाहिलं तर आत पिशव्यांचा आणि सुतळीचा घट्ट गोळा निघाला. डॉक्टर म्हणाले, हा एका दिवसाचा नाही, कित्येक महिन्यांचा आहे. म्हणजे किती लग्नं, किती जेवणावळी त्या गाईच्या पोटात साठल्या होत्या. आणि कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी होते.

गाईला असं का होतं ते आधी समजून घेऊ. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सगळ्यात मोठा. चारा तिथे जाऊन आंबतो, मग ती रवंथ करते. आपण खरकटं पिशवीत भरून, गाठ मारून टाकतो. गाईला मिठाचा, तेलाचा वास येतो, पण गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. अन्न पचतं, पिशवी पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. तिथेच साठत जाते.

आणखी एक गोष्ट. "उरलंसुरलं गुरांना घाला" असं आपण सहज म्हणतो. पण शिळा भात, पुऱ्या, बुंदी एकाच जनावराला पाटीभर घातली तर पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावू शकतं. घालायचंच असेल तर ताजं असताना, थोडं थोडं, चाऱ्यात मिसळून आणि अनेक गुरांत वाटून घाला.

झाडू घेऊन सुरुवात केली, तीच चूक होती

त्या घटनेनंतर आम्ही काय केलं? पुढच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस जणी झाडू घेऊन गेलो. सगळं गोळा केलं, फोटो काढला आणि ओढ्याकाठी ढीग पेटवून दिला. वाटलं, झालं काम. धुराने दिवसभर डोळे चुरचुरत होते, लेकरं खोकत होती. प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानेही मनाई आहे, हे नंतर कळलं. शिवाय पुढच्या महिन्यात तेरावं झालं आणि तेवढाच ढीग पुन्हा तयार! मग आमच्या लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी झाडू मारून हे संपणार नाही. खरेदीची यादी होते त्या दिवशीच आपण तिथे असायला हवं.

संत गाडगेबाबांचं नाव आपण सगळ्याच घेतो. गावात पाऊल टाकलं की ते आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तनातून लोकांना विचार करायला लावत. आम्ही नुसता खराटा घेतला होता. लोकांशी बोलणं राहूनच गेलं होतं.

म्हणून एका लग्नानंतर ढीग पसरून वेगवेगळा केला. सगळ्यात मोठा वाटा ताटं, द्रोण आणि पाण्याचे ग्लास यांचा होता. त्याखालोखाल उष्टं अन्न. मग पुठ्ठे, तेलाचे डबे, बाटल्या, सजावटीचं सामान. म्हणजे ताट, पाणी आणि वाढप या तीन गोष्टी बदलल्या की बराच ढीग होतच नाही.

कागदी ताट खरंच कागदी आहे का?

महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलची आणि एकदाच वापरायची प्लास्टिकची ताटं, ग्लास, चमचे यांवर बंदी आली. 1 जुलै 2022 पासून ती देशभर आहे. त्यात सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, मिठाईच्या डब्यावरचा प्लास्टिकचा कागद आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे बॅनरही येतात. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या 31 डिसेंबर 2022 पासून बंद आहेत.

मग दुकानदार म्हणतो, "ताई, हे कागदी आहे, चालतं." आम्हीही फसलो. तुम्ही एक करून बघा. ते चकचकीत ताट फाडून रात्रभर बादलीत भिजत घाला. सकाळी चोळलं की कागदाचा लगदा होतो आणि बऱ्याच ताटांचा पातळ पापुद्रा हातात येतो. तो प्लास्टिकचा. चहाच्या कागदी कपालाही आतून असाच थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी अशा कपांत गरम पाणी 15 मिनिटं ठेवून तपासलं, तर 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिक कण उतरलेले आढळले. आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत ती बादली मध्ये ठेवली आणि पापुद्रा हाताहातांत फिरवला. भाषणापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला.

धुणार कोण?

स्टीलची ताटं ही काही नवी कल्पना नाही. अनेक गावांत गावकीची भांडी देवळात असायची. घरातल्या कुणाच्या स्मरणार्थ ताट-तांब्या देवस्थानाला द्यायचे, त्यावर नाव कोरायचं, ही आपलीच रीत. काही गावांत अजूनही सप्ताहाला लोक आपलं ताट आणि तांब्या घरून घेऊन येतात. आम्ही तीच रीत पुन्हा धरली. तेराव्याला, वाढदिवसाला लोकांना सांगितलं, बाकी काही नको, पाच ताटं द्या. वर्षभरात 400 ताटं, 400 ग्लास आणि वाट्या जमल्या. त्याला आम्ही भांडी बँक म्हणतो.

सप्ताह कमिटीच्या बैठकीत हे मांडलं. सगळ्यांना पटलं. मग एका आबांनी विचारलं, "पण धुणार कोण?" आणि बैठकीतले सगळे आमच्याकडे बघायला लागले!

मैत्रिणींनो, आजचा आमचा मुख्य मुद्दा इथे आहे. कागदी ताट आलं तेव्हा बायकांच्या कमरेला आराम मिळाला होता, हे खरं आहे. ते नाकारून चालणार नाही. आता ताटं परत आणली आणि धुणं पुन्हा फुकटात आपल्याच डोक्यावर आलं, तर हे काम एक वर्ष चालेल, दुसऱ्या वर्षी बंद पडेल. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू त्या दिवशी म्हणाल्या, "धुऊ की. पण रोज किती देणार ते आधी सांगा." सगळे हसले, पण हिशेब तिथेच मांडला गेला.

आमच्या गावचा हिशेब असा. ताट, द्रोण आणि ग्लास मिळून माणशी साडेचार रुपये लागत होते. 1500 माणसांचे झाले 6,750 रुपये. हे पैसे ओढ्यात फेकण्यासाठी खर्च होत होते. आता त्याच पैशांत आठ जणींना 450 रुपये रोज दिला, ते 3,600 रुपये. पाण्याचा टँकर आणि धुण्याचं साहित्य 1,500 रुपये. भांडी बँकेला माणशी एक रुपया भाडं, म्हणजे 1,500 रुपये. एकूण 6,600. कमिटीचे दीडशे रुपये वाचले, आठ घरांत रोज गेला आणि बँकेत नवी भांडी घ्यायला पैसे आले. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, पण कागदावर मांडून बघा. तोंडी सांगितलेलं कमिटी विसरते, आकडा विसरत नाही.

दुसरी अट आम्ही घातली ती पुरुषांसाठी. जेवणाऱ्याने स्वतःचं ताट उचलायचं, खरकटं बादलीत झटकायचं आणि ताट धुण्याच्या जागेवर ठेवायचं. बादलीजवळ तरुण मंडळाची मुलं उभी राहतील. पहिल्या पंगतीला कुरकुर झाली. दुसऱ्या पंगतीला महाराजांनी स्वतःचं ताट उचललं, मग कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

धुण्याची पद्धत सोपी आहे. आधी खरकटं पूर्ण झटकायचं. पहिल्या टबात राख किंवा पावडर लावून घासायचं. दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढून उन्हात पालथं घालायचं. तिसऱ्या टबातलं पाणी पुढच्या वेळी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात. साडेतीनशे ताटांच्या एका पंगतीला आम्हाला 200 लिटरचे दोन पिंप पाणी लागलं. मळीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं.

पाण्याची फारच टंचाई असेल तर ताटांचा हट्ट धरू नका. पळसाच्या पानांची, काडीने टाचलेली पत्रावळ घ्या. ती खतात जाते आणि पत्रावळी लावणाऱ्या बायकांना कामही मिळतं. फक्त त्याला खालून प्लास्टिक चिकटवलेलं नाही ना, हे उलटून बघा.

पाणी, वाढप आणि चार बारदानं

पिण्याच्या पाण्यासाठी पाऊच आणि छोट्या बाटल्या आणायच्याच नाहीत. झाकणाचं पिंप, त्याला तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं आणि स्टीलचे ग्लास एवढं पुरतं.

वाढताना आग्रह ही आपली रीत आहे, ती सोडा असं आम्ही म्हणत नाही. आग्रह करा, पण अर्धी पळी वाढून करा. पुन्हा मागितलं तर पुन्हा वाढा. लहान मुलांची पंगत आधी आणि वेगळी बसवली. मोठं ताट त्यांच्यापुढे भरून ठेवलं की निम्मं उष्टं राहतं.

एवढं करूनही जे उरतं त्यासाठी चार जागा केल्या. पहिली, उष्टं-खरकटं. दुसरी, भाजीची देठं, सालं, पानं आणि निर्माल्य. हारातला दोरा आणि जरी मात्र काढून घ्यायची. या दोन्हींचं खत होतं. खड्ड्यात वाळलेला पाला, त्यावर ओला कचरा, त्यावर माती असे थर द्यायचे. खरकट्यावर माती जास्त टाका, म्हणजे वास येत नाही आणि कुत्री उकरत नाहीत. तिसरी, भंगार. पुठ्ठा, तेलाचे पत्र्याचे डबे, स्वच्छ बाटल्या भंगारवाला पैसे देऊन नेतो, पण कोरडं असेल तरच. खरकट्यात भिजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही. म्हणूनच वेगळं ठेवणं कार्यक्रम चालू असतानाच करायचं. चौथी, चकचकीत वेष्टनं आणि पिशव्या. वेष्टनात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. ती कोरडी करून बारदानात भरायची आणि ग्रामपंचायतीकडे द्यायची.

"आमची पंचायत घेत नाही," असं तुम्ही म्हणाल. मग महिला सभेत हा विषय लिहून घ्या. स्वच्छ भारत मिशनच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात गावाच्या घनकचऱ्याच्या कामासाठी निधी आणि तालुक्याला प्लास्टिक प्रक्रियेचं केंद्र अशी तरतूद झाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतही स्वच्छतेचा वाटा ठेवलेला होता. आपल्या गावाला काय मिळालं आणि कुठे खर्च झालं, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

हे काम बायकांच्या गटांनी कमाईचं केलेलं आहे, हेही सांगतो. छत्तीसगडमधल्या अंबिकापूर शहरात बचत गटांतल्या महिला घरोघरचा कचरा गोळा करतात, वेगळा करतात आणि विकतात. केरळात हरितकर्म सेनेतल्या महिला घरोघर जाऊन सुका कचरा घेतात आणि त्याचं शुल्क मिळवतात.

आमचं सगळं साधलं असं मात्र समजू नका. यात्रेतले बाहेरून येणारे स्टॉल अजून पिशव्याच देतात. दहा जणांना समजावलं तर चार जण ऐकतात. यंदा जागा देतानाच पंचायतीने अट घालावी, असा ठराव मांडणार आहोत.

पण एक कार्यक्रम पूर्णपणे आपल्या हातात असतो, तो संक्रांतीचा. प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या वाण म्हणून लुटण्यापेक्षा आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून वाटल्या. शिवणाऱ्या आमच्याच गटातल्या, त्यामुळे पैसाही गटातच राहिला.

ज्या ताईची गाय गेली तिचे हप्ते गटाने पुढे ढकलून दिले, ती आता शेळ्या पाळते. गावात जेवणावळ असली की खरकट्याच्या बादलीजवळ ती स्वतःहून उभी राहते. कुणी पिशवीला गाठ मारताना दिसलं तर तिथल्या तिथे सोडायला लावते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. गावात येत्या तीन महिन्यांत कोणकोणते कार्यक्रम आहेत ते लिहा. त्यातला एक निवडा. त्या घरी किंवा त्या कमिटीकडे खरेदीच्या आधी जा, भिजवलेल्या ताटाची बादली आणि हिशेबाचा कागद सोबत घेऊन. आणि "धुणार कोण?" असं विचारलं, तर रोज किती ते आधी ठरवून घ्या.