अवघड विषय की जास्त टक्के? सुरतेतला दहावी-बारावीचा हिशेब

अवघड विषय घ्यायचा की टक्के सांभाळायचे, हा प्रश्न गुजरात बोर्डाच्या विद्यार्थ्यापुढे दोनदा येतो. दहावीला गणित ‘स्टँडर्ड’ घ्यायचे की ‘बेझिक’, हे आधी ठरवावे लागते. पुढे अकरावी विज्ञानात ए, बी किंवा एबी यांपैकी एक ग्रुप निवडावा लागतो. सुरतेच्या उत्तरेला अमरोलीजवळच्या कोसाडमध्ये, विशेषतः कोसाड आवासच्या इमारतींत, शहराच्या झोपडपट्ट्यांतून हलवलेली कष्टकरी कुटुंबे राहतात. आईवडील लूमवर, साडीच्या कामावर किंवा रोजंदारीवर जात असतील, तर अकरावी विज्ञानाची पायरी घरातले मूलच पहिल्यांदा चढत असते. धुळे-जळगाव-नंदुरबारकडून सुरतेत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची स्थितीही हीच आहे. विचारायला घरात कोणी नसले की शेजारच्या मुलाने जे घेतले, तेच आपल्याही फॉर्मवर लिहिले जाते.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. तिथे ‘एपी’ नावाचे महाविद्यालयीन पातळीचे विषय शाळेतच घेता येतात. साध्या विषयातल्या ‘ए’ श्रेणीला 4 गुणांक असेल, तर अनेक शाळा एपीमधल्या ‘ए’ला 5 देतात. प्रवेश देणारे महाविद्यालयही विद्यार्थ्याने किती कठीण विषय पेलले, हे पाहते. भारतातल्या गुणपत्रिकेत अवघडपणाला असे वेगळे वजन नाही. स्टँडर्ड गणितातले 65 आणि बेझिकमधले 65 कागदावर सारखेच दिसतात. फरक दिसतो तो पुढे कोणता दरवाजा उघडतो आणि कोणता बंद होतो, यात.

बेझिक आणि स्टँडर्ड या दोन्हींचे पाठ्यपुस्तक एकच आहे, फक्त प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी असते. त्रिकोणमितीच्या धड्यावर सोप्या प्रश्नपत्रिकेत बहुधा सूत्रात किंमत घालून उत्तर काढायचे असते. अवघड प्रश्नपत्रिकेत मनोऱ्याच्या टोकाकडे दोन ठिकाणांहून पाहिल्यावर होणारे कोन देऊन उंची विचारली जाते, म्हणजे आकृती काढून समीकरण स्वतः मांडावे लागते. अकरावीचे भौतिकशास्त्र पहिल्या महिन्यापासून हेच मागते. बेझिक घेऊन वाढलेले दहा-पंधरा गुण म्हणूनच विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलाला महाग पडतात. शिवाय ही सोय मुळात गणित पुढे न्यायचे नसलेल्यांसाठी होती आणि सुरुवातीला बेझिकवाल्यांना ए ग्रुप मिळत नव्हता. त्या नियमात नंतर सवलती आल्या, पण सवलतीच्या भरवशावर दहावीचा विषय निवडणे धोक्याचे आहे. कॉमर्स किंवा आर्ट्स नक्की असेल, तर मात्र बेझिक घेण्यात काहीच कमीपणा नाही.

ए ग्रुपमध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर गणित असते, बी ग्रुपमध्ये जीवशास्त्र. एबीमध्ये चारही विषय येतात. इंजिनिअरिंग आणि मेडिकल, दोन्ही हातात राहावे म्हणून घरचे लोक एबीचा आग्रह धरतात. पण मेडिकलची नीट आणि इंजिनिअरिंगची जेईई या प्रवेश परीक्षांची तयारी इतकी वेगळी आहे, की दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्या मुलाचे दोन्हीकडचे गुण घसरण्याची भीती असते. गणितात आणि जीवशास्त्रात सारखाच रस असलेले मूल सोडले, तर एबी टाळलेलाच बरा.

ग्रुप ठरला की बारावीच्या गुणांना किती जपायचे, हा प्रश्न उरतो. वैद्यकीय प्रवेश 720 गुणांच्या नीटवर होतो. बोर्डात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के आणि राखीव वर्गांना 40 टक्के लागतात, त्यापुढचे टक्के यादीत धरले जात नाहीत. सुरतेतल्याच सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जेईई मेनच्या क्रमांकावर प्रवेश मिळतो. 2013 ते 2016 या काळात त्या क्रमांकात बोर्डाच्या गुणांना 40 टक्के वजन होते, ते 2017 पासून काढले गेले. आता बारावीला 75 टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाईलमध्ये असणे, एवढी अट उरली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती 65 टक्क्यांची आहे. राज्यातल्या इतर इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी मात्र बोर्ड आणि गुजकेट ही राज्याची प्रवेश परीक्षा, दोन्ही धरून लागते. त्यात दोन्हींकडचे पर्सेंटाईल घेतले जातात, त्यामुळे सीबीएसई अवघड की गुजरात बोर्ड, हा वाद तिथे फारसा उरत नाही.

महाराष्ट्रात हाच वाद न्यायालयापर्यंत गेला होता. अकरावी प्रवेशासाठी राज्य सरकारने 2008 मध्ये पर्सेंटाईलचे सूत्र आणि 2009 मध्ये एसएससीच्या, म्हणजे राज्य बोर्डाच्या, मुलांसाठी 90 टक्के जागा ठेवण्याचा नियम आणला. उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्के काढण्याचा 2010 मधला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ नियम मात्र सर्वोच्च न्यायालयात टिकला. वेगवेगळ्या बोर्डांचे टक्के एका पट्टीने मोजणे किती कठीण आहे, हे त्या तीन वर्षांत दिसले.

टक्क्यांचे खरे महत्त्व गरीब घरासाठी पैशाच्या बाजूने आहे. गुजरात सरकारच्या 2015 पासूनच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत बारावीला 80 पीआर (पर्सेंटाईल रँक) आणि घरचे वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल, तर इंजिनिअरिंगची निम्मी फी, जास्तीत जास्त 50 हजार रुपये, मिळते. 80 पीआर म्हणजे 80 टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या साधारण ऐंशी जणांच्या पुढे असणे, असा त्याचा अर्थ. एबी घेऊन किंवा झेपत नसलेल्या क्लासच्या मागे लागून ही रेषा चुकली, तर फीचा सगळा भार बापाच्या पगारावर येतो. झेपेल एवढे अवघड घ्यावे, पण 80 पीआर हातचे जाऊ देऊ नये.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आणखी एक ओझे असते. गुजकेट गुजराती, हिंदी आणि इंग्रजीतच होते. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते, त्यामुळे सुरतेच्या केंद्रावर या तीन भाषांतून (उर्दू येत असेल तर चौथीतून) निवड करावी लागते. भाषा बदलण्याची तयारी आठवी-नववीपासून झाली, तर अकरावीत अवघड विषय आणि नवी भाषा एकदम अंगावर येत नाहीत.

दहावीचा फॉर्म भरण्याआधी पालकांनी शाळेत जाऊन त्या वर्षी बेझिक गणितावर कोणते ग्रुप मिळतात, हे लेखी विचारावे. शिक्षकांनीही ते वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवावे.