भाड्याची तिजोरी आणि राखणदाराचा पगार

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे तीनशे लहान बँका देशाच्या देयक-व्यवस्थेपासून एकाएकी तोडण्यात आल्या. त्यांतील बहुतेक सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँका होत्या. त्यांचे दिवाळे निघाले नव्हते, की कोणा संचालकाने अफरातफर केली नव्हती. त्यांचे संगणकीय काम पाहणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत ‘रॅन्समवेअर’, म्हणजे माहितीला कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरल्याची शक्यता दिसताच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून त्या कंपनीशी असलेला दुवाच तोडला. दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत् झाला आणि विषय मागे पडला. देशाच्या एकूण देयक-व्यवहारांत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का आहे, असे त्या वेळी सांगितले गेले. आकडा बरोबर असेल. परंतु तो व्यवहारांचा आहे, माणसांचा नव्हे. ज्या शिक्षकाचा पगार तालुक्याच्या बँकेत जमा होतो, त्याच्या दृष्टीने महिनाअखेरीस बंद पडलेली ती व्यवस्था शंभर टक्केच होती.

लहान बँकेने संगणक स्वतः न बाळगता भाड्याने घेणे यांत अर्थशास्त्रीय दृष्ट्या काहीच वावगे नाही. किंबहुना ते शहाणपणाचेच आहे. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका असून त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत. चार शाखांच्या बँकेने स्वतःचे संगणकगृह उभारावे, त्याला अहोरात्र वीज व वातानुकूलन पुरवावे, जाणकार अभियंते नेमावेत, ही अपेक्षा प्रत्येक कुटुंबाने आपापली पिठाची गिरणी घालावी अशा स्वरूपाची होय. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ हा आमच्या विषयातला पहिल्या वर्षाचा धडा आहे, आणि ज्याला आज ‘क्लाउड’ म्हणतात ती व्यवस्था म्हणजे या धड्याचे भव्य उदाहरण. क्रमिक पुस्तकांत या धड्याची दुसरी बाजू मात्र त्रोटक असते. दहा गिरण्यांपैकी एक बंद पडली, तर एका आळीची अडचण होते. गावात एकच गिरणी असली, तर साऱ्या गावाचा खोळंबा होतो.

‘क्लाउड’ या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. आभाळात काहीही नाही. ऐरोली-महापे परिसरातील जाड भिंतींच्या इमारतींत ओळीने मांडलेले संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे आणि वीज गेल्यास चालू होणारी डिझेल जनित्रे, हे त्या मेघाचे पार्थिव स्वरूप. देशातील अशा केंद्रांच्या क्षमतेचा फार मोठा हिस्सा मुंबई व नवी मुंबईत एकवटला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी त्यामागे सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. दोन सरकारांचे एका काळोखाबद्दलही एकमत होऊ नये, यावरून अशा घटनांचा छडा लावणे किती अवघड असते याची कल्पना यावी.

या भाड्याच्या व्यवहारात जबाबदारीची वाटणी असते, हे ग्राहकसंस्थांच्या चालकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. इमारत, यंत्रे आणि त्यांचा पहारा मालकाकडे. खोलीला कुलूप घालणे आणि किल्ली कोणाला द्यायची हे ठरवणे भाडेकरूकडे. चाळीच्या फाटकावर गुरखा आहे म्हणून कोणी बिऱ्हाड उघडे टाकून गावाला जात नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र मोठमोठ्या संस्था तसे करतात. अमेरिकेतील कॅपिटल वन ही बँक ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. तिच्या संरक्षक भिंतीची मांडणी सदोष राहिली आणि २०१९ साली अमेरिकेतील सुमारे दहा कोटी व कॅनडातील साठ लाख लोकांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले. ८ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला, तो बँकेला.

आपल्याकडील पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण याहून बोलके आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, चोरांनी बँकेचा एक पैसाही तिजोरीतून उचलला नाही. ‘या कार्डावर पैसे द्यावेत काय’ या एटीएमच्या प्रश्नाला बँकेच्या वतीने उत्तर देणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी त्यांनी तोतया यंत्रणा उभी केली, आणि ती प्रत्येक प्रश्नाला ‘द्यावेत’ असे सांगत राहिली. २८ देशांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातही बनावट कार्डांवर पैसे काढले गेले. आणि १३ तारखेला सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. तोतया यंत्रणा रचणारे सूत्रधार मात्र हाती लागलेले नाहीत. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का न लागता तोटा बँकेने सोसला, कारण बँक मोठी होती. वीस-पंचवीस कोटींचे भागभांडवल असलेल्या बँकेवर हाच प्रसंग आला असता, तर ठेवीदारांची काय गत झाली असती, हे सांगण्यास पदवी लागत नाही.

प्रश्न असा, की हे सारे माहीत असूनही संस्था संरक्षणावर पुरेसा खर्च का करीत नाहीत? त्या मूर्ख आहेत म्हणून नव्हे. सुरक्षेवरील खर्च ताळेबंदात दिसतो आणि त्याचे फळ, म्हणजे न झालेली चोरी, कोठेच दिसत नाही. शिवाय हलगर्जीपणा एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याला, असे येथे सर्रास घडते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, आणि त्यामुळे आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. युक्रेनमधल्या हिशेबनिसाचा आणि उरणच्या धक्क्यावर पेटीसाठी खोळंबलेल्या ट्रकचालकाचा संबंध काय? पण नुकसान त्याचे झाले. कंपनीने आपला तोटा २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला. तिच्या जगभरच्या यंत्रणेची किल्ली म्हणावी अशी एकच प्रत शाबूत राहिली, ती घानामधील कार्यालयात. आणि तीही तेथे नेमकी वीज गेल्यामुळे! भारनियमनाचा असा उपयोग आपल्या वीज मंडळांनीही कधी सांगितला नसेल.

राखीव प्रतीचे महत्त्व याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गुगलच्या क्लाउडवरील सारे खाते मांडणीतील एका चुकीमुळे पुसले गेले. निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडे प्रत ठेवली होती, म्हणून सहा लाखांहून अधिक सभासदांचे हिशेब परत उभे राहिले. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी विदाकेंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कामाचा ८५८ टेराबाइट साठा, बाहेर प्रतच नसल्याने, नष्ट झाला. तेथे हॅकरची गरजही पडली नाही.

रिझर्व्ह बँक स्वस्थ बसलेली नाही. नागरी सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये तिने श्रेणीनिहाय सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. बाहेरून घेतलेल्या संगणकसेवेची अंतिम जबाबदारी बँकेचीच, हे २०२३ च्या निर्देशांत स्पष्ट केले. आणि त्याच वर्षी वित्तक्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाउड उभारण्याची घोषणा केली. घोषणा स्वागतार्ह आहे. तथापि सर्वांना पुन्हा एकाच छपराखाली आणून आपण जोखीम एकवटणार नाही ना, हे पाहावे लागेल. माझ्या मते, बँकांना ज्याप्रमाणे ठेवींचा ठराविक हिस्सा रोख राखावा लागतो आणि तो किती असावा हे त्यांच्या मर्जीवर सोडलेले नाही, त्याचप्रमाणे जाळ्यापासून तोडलेली, वेगळ्या जागी ठेवलेली प्रत आणि तिच्यावरून कारभार उभा करण्याची नियतकालिक चाचणी प्रत्येक बँकेवर सारख्याच काटेकोरपणे बंधनकारक असावी. लहान बँकांना हा खर्च झेपणार नाही, हे खरे. तो त्यांच्या शिखर संस्थेने व अंशतः सरकारने उचलावा. कारण त्याचा लाभ एकट्या त्या बँकेला होत नाही.

दुसरी उणीव माहितीची. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवावा लागतो. त्या आदेशात ठेवीदाराला कळवण्याचे बंधन नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात ज्याची माहिती फुटली त्याला सांगण्याची तरतूद आहे. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमलबजावणीस अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. सहकारी बँकेचा ठेवीदार पुष्कळदा तिचा सभासदही असतो. वार्षिक सभेत लाभांश आणि भेटवस्तू यांवर तासभर वाद होतो. त्यातच अध्यक्षांना विचारता येईल, की आपले संगणक कोणाच्या जागेत आहेत, त्या कंपनीच्या चुकीने नुकसान झाल्यास करारानुसार ते कोण भरणार, आणि गेल्या वर्षी राखीव प्रतीवरून सारा कारभार प्रत्यक्ष किती तासांत उभा करून पाहिला.